बोळातला कॅमेरा

"ह्यात माणसाचा चेहरा वळखू येतो का?"

काउंटरवरचा कॅमेरा उचलून तात्यांनी हे मला विचारलं, तेव्हा उत्तर द्यायचं सोडून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तात्या म्हणजे माझे सख्खे थोरले चुलते. आमची दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये दोन माणसं अंग चोरून जातील एवढा बोळ. त्या बोळावरून त्यांनी आप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, दावा लावला होता. निकाल आप्पांच्या बाजूने लागला आणि त्या दिवसापासून तात्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. मी सकाळी दारात रांगोळी घालायला बसले तर ते आल्या पावली घरात वळायचे. आणि आता तासगावात दुसरी दुकानं असताना ते मी कामाला होते त्याच दुकानाची पायरी चढून आले होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. घराला कॅमेरे लावायचं खूळ आमच्या गावात तेव्हा नुकतंच आलं होतं. मोबाइलवर घर दिसायची सोय मोठ्या शहरांत असेल तर असेल, आमच्याकडे कॅमेऱ्याची वायर घरातल्या एका डब्यात जायची, डब्याची टीव्हीत, आणि मग टीव्हीवर आपलंच दार बघत बसायचं. लोक नव्या नवलाईनं बसायचेही.

"येतो की तात्या," मी म्हणाले. "बसा ना. चहा सांगते."

"चहा ऱ्हाऊ दे. माझ्या मोटरची वायर कापून नेली कुणीतरी, बोळातली. ऐकलं असशील."

ऐकलं होतंच. काकूंनी त्या दिवशी बोळात उभं राहून चोराच्या नावाने जो उद्धार केला, त्यातला निम्मा आमच्यासाठी होता.

"स्वस्तातलं काय हाय ते दाव," तात्या म्हणाले. "लई पाल्हाळ लावू नगोस."

पाल्हाळ लावायचा तर माझा पगार होता. तरी मी थोडक्यात सांगितलं. दोन कॅमेरे पुरतील, एक पुढच्या दारावर आणि एक बोळात. डबा मात्र चार कॅमेऱ्यांचा घ्या, पुढेमागे वाढवता येतील. वायर हलकी घेऊ नका, तिथे पैसे वाचवले की चित्राला मुंग्या येतात. अंधारात दिसणारा घ्या, चोर काही उन्हातान्हाचा येत नाही. तात्या मान हलवत होते. एवढं मन लावून ते कुणाचं ऐकताहेत हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते, आणि खरं सांगायचं तर मी मनातून फुशारून गेले होते.

"बोळातल्याला भिंग कसलं देऊ?" मी विचारलं. "एकात सगळा बोळ येतो, पण माणूस बारका दिसतो. दुसऱ्यात जागा थोडीच येते, पण चेहरा स्वच्छ."

"चेहऱ्याचा दे."

"चोरासाठी रुंद बरा, तात्या. कुठनं आला, कुठं गेला ते कळतं."

"चेहऱ्याचा दे म्हटलं की."

दिला. मग रेकॉर्डिंगच्या डिस्कवर गाडी अडली. तिची किंमत ऐकून तात्यांनी हात झाडले. ती नकोच म्हणाले.

"अहो, डिस्क नसंल तर चित्र साठणार कुठं? वायर चोरीला गेल्यावर मग काय बघणार?"

"मला साठवून काय करायचंय? त्या त्या वक्ताला दिसलं म्हणजे झालं."

दुकानात कंजूष माणसं मी पुष्कळ बघितली होती, पण कुलूप विकत घेऊन किल्ली दुकानातच ठेवून जाणारा हा पहिलाच. मी माझ्या पगारातून डिस्क घालते, हळूहळू द्या, असंही म्हणून बघितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"बरं, माईक तरी घ्या. आवाज बी येईल. फार पडत न्हाईत त्याचे."

"आवाज नगोच."

हे ते इतक्या चटकन म्हणाले की मला हसू आलं. काकूंचा आवाज घरात पुरत असेल, टीव्हीतून आणखी कशाला, असं मनात आलं. मी शेटना सांगून बिलात जेवढं कमी करता येईल तेवढं करून घेतलं. शेटनी विचारलं, कोण गं हे? मी म्हणाले, घरातले आहेत. तो शब्द तोंडातून गेला आणि मला कसं बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

निघताना तात्या पायरीवर थांबले. "आप्पा तुझं बघाय लागलाय म्हणं?"

"होय. पलूसचं स्थळ हाय. तारळेकर."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी आतल्या गोदामात जाऊन खोक्यांच्या मागे उभी राहून रडले. आनंदाने रडले, दुसरं काही नाही.

बसवायला मिस्त्रीबरोबर मीच गेले. मला सुट्टी होती, आणि चुलत्याच्या घरात पाऊल टाकायला निमित्त हवं होतं. काकूंनी पाणीही दिलं. टीव्ही आतल्या खोलीत होता, तो तात्यांनी हट्टाने सोप्यात आणून ठेवायला लावला, आल्या-गेल्याला बसायला टाकलेल्या गादीच्या बरोबर समोर. मग ते गादीवर मांडी घालून बसले, मिस्त्री बोळात शिडीवर चढला, आणि मी दारात उभी राहून इकडचं तिकडे ओरडून सांगत राहिले.

"डावीकडं घ्याय सांग!"

"डावीकडं घ्या हो!"

"आजून जरा. खाली. हां, आता हलवू नगोस म्हणावं."

मी आत येऊन टीव्ही बघितला. मोटर कोपऱ्यात कुठेतरी कापली गेली होती. चित्राच्या मधोमध आमच्या मागच्या खोलीचं दार होतं, त्याच्या कडीसकट.

"तात्या, मोटर राहिली की बाजूला. आमचंच दार येतंय सगळं."

"येऊ दे की. तुमची बी राखण हुईल, फुकटात," तात्या म्हणाले, आणि हसले. मी पण हसले. त्यांना हसताना बघून किती वर्षं झाली होती.

त्या मागच्या खोलीत माझी आई राहायची.

आईचं मन आजारी होतं. मी शाळेत असतानाच तिला कुणाकुणाचे आवाज ऐकू यायला लागले. गोळ्या चालू असल्या की महिनेच्या महिने ती चांगली असायची, भाकरी करायची, माझी वेणी घालायची, शेजारच्या बायकांची नक्कल करून मला हसवायची. मग एखाद्या दिवशी घरात आलेला प्रत्येक माणूस तिला चोर वाटायचा. मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा ती बाहेर आली आणि मुलाच्या वडिलांचा सदरा धरून म्हणाली, माझं मंगळसूत्र द्या. ते लोक चहा न पिता गेले. त्यानंतर आप्पांनी तिच्या दाराला बोळाच्या बाजूने कडी बसवली. घरी कुणी यायचं असलं की कडी लागायची आणि आप्पा सांगायचे, बायको माहेरला गेलीय. माझ्या लग्नाच्या आड येणारी गोष्ट ही एकच, आणि ती आम्ही कडीमागे ठेवत होतो. मला त्या कडीचा राग यायचा. आप्पांपुढे बोलायची मात्र छाती व्हायची नाही.

पण पलूसच्या मुलाला मी सांगितलं होतं. शैलेंद्र तारळेकर, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. फोटो बघून झाल्यावर तो एक दिवस टॉर्चचे सेल घ्यायचं निमित्त काढून दुकानात आला. सेल घेतले, पैसे दिले आणि तिथेच उभा राहिला. कान लाल झाले होते. मला तो आवडला. आवडला म्हणूनच मी सगळं सांगून टाकलं, आवाज, गोळ्या, मंगळसूत्र. आप्पा सांगणार नाहीत, पण तुम्हाला माहीत असावं, म्हणाले.

त्याने हातातले सेल खिशात टाकले. मग म्हणाला, "माझ्या आजीचं असंच होतं. मिरजेला एक डॉक्टर आहेत, फार चांगले. लग्न झालं की आपण दोघं त्यांना घेऊन जाऊ."

आपण दोघं, म्हणाला. मला एवढंच पाहिजे होतं. नवरा पाहिजे होताच, पण आईचा हात धरणारं माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी या जगात असावं, हे त्याहून जास्त पाहिजे होतं.

बघायचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी तात्या स्वतःहून आमच्या उंबऱ्यात आले. आप्पा दाढी करत होते, त्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"पाव्हणं आधी माझ्या घरी उतरू देत," तात्या म्हणाले. "थोरलं घर हाय. चहापाणी तिकडं हुईल, मग पोरगी हितं बघू द्या. न्हाईतर म्हणतील, भावाभावात दावं हाईत."

आमच्याकडे रीत तशीच आहे. पाहुण्यांनी पहिलं पाणी थोरल्या घरी घ्यायचं. चुलता बैठकीला नसला की मुलाकडचे भावकीत चौकशा करत फिरतात आणि भावकी काय सांगेल याचा नेम नसतो. आप्पांनी तात्यांचे पाय धरले. गालावर साबणाचा फेस तसाच, आणि ते वाकले. तात्यांनी त्यांना उठवलं, म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. त्या दिवशी आप्पा देवापुढे बराच वेळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. गाडी तात्यांच्या दारात थांबल्याचा आवाज मला ऐकू आला. आप्पा स्वागताला पुढच्या दारात उभे. मी नेसून तयार होते, पोह्यांची कढई झाकून ठेवली होती. आई कशी आहे बघायला मी बोळातून मागच्या खोलीकडे गेले.

आई दारातच उभी होती. तिनेही साडी नेसली होती, हिरवी, काठाची, माझ्या बारशातली. केस विंचरले होते. गेले कित्येक दिवस ती चांगली होती, आणि त्या दिवशी तर तिच्याइतकं शहाणं आमच्या घरात कुणी नव्हतं.

"आलं का गं पाव्हणं?"

"आलं. तात्यांच्याकडं बसल्यात." मी तिच्याकडे बघितलं आणि माझा निश्चय झाला. "आई, तू चल. बाहेर बस माझ्याजवळ."

"मी? खुळी का काय तू?"

"तू बरी हाईस. मुलाला मी सांगितलंय सगळं. चल."

"मुलाला सांगितलंस, त्याच्या आईला सांगितलंस का?" ती म्हणाली. "मला ठाव न्हाई कवा काय हुईल ते. आता बरी हाय, घटकेनं कोण सांगावं? त्या वक्ताला मंगळसूत्र मागितलं मी. मला आठवतंय, वैजे. तुला वाटतं मला आठवत न्हाई."

मी तिचा दंड धरला. "काही हुत न्हाई. चल म्हणते ना."

"सोड."

"आई, चल!"

मी ओढलं, तिने चौकट धरली. मी तिची बोटं चौकटीवरून सोडवायला गेले, तर तिने दुसऱ्या हाताने माझा खांदा पकडला. आमची दोघींची चांगलीच झटापट झाली. तिला रडू फुटलं. तिच्या अंगात माझ्याहून जास्त ताकद होती. ती हिसका देऊन मागे सरकली, तोल जाऊन खाटेवर बसली, आणि तिथून हात जोडून मला म्हणाली, "कडी लाव. तुझ्या पाया पडते. एवढं लगीन हू दे, कडी लाव."

पुढच्या दारातून आप्पांची हाक आली, वैजू, निघाले गं तिकडनं. मी दार ओढलं आणि कडी लावली. पदर सारखा केला, डोळे पुसले आणि आत गेले.

पाहुणे आले ते गप्पगप्पच आले. शैलेंद्रची आई पुढे, हातात कापडाची पिशवी. बाई अंगाने किरकोळ, पण नजर अशी की समोरच्याने आपोआप नीट बसावं. तात्या सगळ्यांत शेवटी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी पोहे दिले. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, यांतलं काहीच कुणी विचारलं नाही. मुलाकडच्यांनी काही विचारलं नाही की घाम फुटतो, तसा आप्पांना फुटला होता. ते एकटेच बेदाण्याच्या भावाबद्दल बोलत सुटले. पोह्यांच्या बश्या तशाच भरलेल्या राहिल्या.

मग शैलेंद्रची आई म्हणाली, "आईला बोलवा की. त्यांची भेट घेऊन जाते."

"ती माहेरला गेलीया," आप्पा म्हणाले. "तिच्या आईचं जरा जास्त हाय."

"होय का?" बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू सांग, बाळ. आई कुठं हाय?"

मी आप्पांकडे बघितलं नाही. त्यांचे डोळे माझ्यावर आहेत हे मला न बघताही कळत होतं. मी शैलेंद्रकडे बघितलं. तो इतका वेळ खाली बघत होता, आता त्याने मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हात जोडतोय. मला वाटलं, तो सांगतोय, आत्ता नको. घरी अजून बोललो नाही, आत्ता काही बोलू नका.

"मामाकडं गेलीय," मी म्हणाले.

शैलेंद्रने मान खाली घातली. तात्या बशीत चहा ओतत होते, ओतून झाल्यावर त्यांनी तो फुर्र करून प्यायला. बाई उठल्या. बघायला आलेली बाई जाताना मुलीच्या ओटीत नारळ घालते, हातावर काही ठेवते. बाईंनी पिशवी उघडलीच नाही. माझ्या हनुवटीला हात लावायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

गाडी गेली. आप्पा दारातून आत येईनात. तात्या चपला घालता घालता म्हणाले, "कळवतील की. एवढं काय त्यात?" आणि गेले.

मी कडी काढली तेव्हा आई खाटेवर तशीच बसली होती, साडीसुद्धा चुरगळू दिली नव्हती. आत तिने हूं की चूं केलं नव्हतं. मला बघून तिने हळूच विचारलं, "गेलं?" मी हो म्हटल्यावर तिने सुस्कारा टाकला आणि पाणी मागितलं. किती वेळची तहानलेली होती ती.

दिवेलागणीला शैलेंद्रचा फोन आला. मी आईजवळ बसून लसूण सोलत होते. नाव बघून मी उठले आणि बोळात आले, दार ओढून घेतलं.

"आई नको म्हणते," तो म्हणाला. दुसरं काहीच नाही, आधी हेच.

"का? तुम्हाला मी सगळं सांगितलं होतं. माझ्या आईचं—"

"मी घरी सांगितलं होतं. त्याच दिवशी. आईला सगळं माहीत होतं, वैजयंता. माहीत असूनच ती आली. त्या पिशवीत तुमच्या आईंसाठी साडी होती."

मला काही समजेना. "मग?"

"तुमच्या तात्यांच्याकडे आम्ही चहाला बसलो होतो. समोर टीव्ही चालू होता. त्यात बोळ दिसत होता." तो थांबला. मग म्हणाला, "तुम्ही दिसलात. तुमच्या आई रडत होत्या, त्यांनी चौकट धरलेली. तुम्ही त्यांची बोटं सोडवत होतात. मग त्या आत पडल्या. त्यांनी हात जोडले, आणि तुम्ही दार लावून घेतलंत."

"नाही हो," मी म्हणाले. "नाही. मी तिला बाहेर ओढत होते. तुमच्यासमोर आणून बसवणार होते. तीच येत नव्हती. तीच म्हणाली, कडी लाव."

टीव्हीला आवाज नव्हता. आवाज असता तर 'आई, चल' एवढे दोन शब्द पुरे होते. डिस्क असती तर मी त्याला परत आणून दाखवलं असतं, बघा, नीट बघा, माझा जोर कुठल्या बाजूला आहे. यातलं काहीच नव्हतं. त्यांनी एकदा बघितलं होतं आणि ते गेलं होतं.

"तात्या काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. एक शब्द बोलले नाहीत. आईनं विचारलं, ही बाई कोण, तर म्हणाले, धाकट्याच्या घरातलं हाय, आपण कशाला बोलायचं. आणि कडी लागल्यावर त्यांनी उठून टीव्ही बंद केला."

मी भिंतीला टेकले. समोर वर तात्यांच्या भिंतीवर कॅमेरा होता, अंधार पडायला लागल्यामुळे त्याच्या भिंगाभोवतीचे बारीक लाल दिवे लागलेले. सोप्यात आता ते गादीवर बसून मला बघत असणार. मला त्या माणसाचा इतका संताप आला की दगड घेऊन ते सगळं फोडावं. आणि दगड घेतलेली मीसुद्धा त्यांना टीव्हीवर दिसले असते.

"शैलेंद्र, माझ्यावर विश्वास ठेवा. तिनंच सांगितलं होतं."

"ठेवला असता," तो म्हणाला. "आईनं तुम्हाला विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, खरं सांगा. एकदा खरं सांगा, मी पुढचं बघतो. तुम्ही म्हणालात, मामाकडं."

माझा हात शेजारच्या कडीवर गेला.

"माझ्या आजीला आईनं शेवटपर्यंत सांभाळलं," तो म्हणाला. "आजी मारायची तिला. तरी कधी दार बाहेरून लावलं नाही. ती म्हणते, आजाराचं काही नाही, पण ही मुलगी घरात नको. उद्या मी म्हातारी होईन." मग "ठेवतो," म्हणाला, आणि ठेवला.

मी तोंडावरून पदर फिरवला आणि आत गेले. आईने माझ्या वाटणीचाही लसूण सोलून ठेवला होता. बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू गेला असणार अशी मला भीती वाटली. पण दाराआडून तिला एवढंच कळलं होतं की फोन त्याचा होता. तिचे डोळे लहान मुलीसारखे लकाकत होते.

"त्याचाच ना गं? काय म्हणाला?"

मी लसणाची टरफलं गोळा करायला लागले.

"पसंत हाईस म्हणाला?"

"हो," मी म्हणाले.

आईने दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बोटांना लसणाचा वास होता. ती हसत होती. इतकी वर्षं जे तिच्यामुळे बिघडत आलं, ते आज तिने सावरलं होतं, असं तिला वाटत होतं, आणि तिची छाती अभिमानाने भरून आली होती.

"बघ," ती म्हणाली. "मी आत बसले म्हणून जमलं. तू उगंच बाहीर ओढत हुतीस."

"होय."

"लग्नाच्या दिवशी बी मला मांडवात नगो आणूस. मी हितंच बसते, गप. तेवढी कडी लाव म्हंजे झालं." ती उठली, माझ्या जवळ आली आणि माझी हनुवटी धरून तिने मला बजावलं, "इसरू नगोस बरं का त्या गडबडीत."

"न्हाई इसरत," मी म्हणाले.